मेंदूतलं रक्त दुर्बिणीने काढणं: कुणाला करायचं, कुणाला नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीला राहणाऱ्या तुमच्या सासऱ्यांची, वय ६४, दीड महिन्यापूर्वी पहाटे उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर रक्ताची गाठ दिसली. त्याच दिवशी कवटीला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने ती काढली. जीव वाचला, पण उजवा हात अजून हलत नाही आणि बोलणं दोन-चार शब्दांपुढे जात नाही. पेडण्याच्या तुमच्या मामांनाही दोन वर्षांपूर्वी असाच रक्तस्राव झाला होता. त्यांना डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं आणि आज ते काठी टेकत देवळापर्यंत चालत जातात. त्यामुळे घरात आता बोललं जातंय की सासऱ्यांचं डोकं उगाच उघडलं. शिवाय त्यांची ॲस्पिरिन परत सुरू करायची का, आणि तुमच्या यजमानांचं बीपी १६० च्या घरात असतं त्याचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

घरातल्या वादाचं उत्तर आधी देतो. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांवरून माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. आणि सासऱ्यांचा हात ऑपरेशनमुळे गेलेला नाही. तो पहाटे घरातच, रक्तवाहिनी फुटल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत गेला. हे घरातल्या सगळ्यांना नीट कळायला हवं, कारण ज्यांनी संमतीपत्रावर सही केली त्यांच्या मनात हा सल वर्षानुवर्षं राहतो. माझ्या ओपीडीत तो मी फार वेळा पाहिला आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमनीतून बारीक बारीक धमन्या जवळजवळ काटकोनात वर निघतात आणि मेंदूच्या गाभ्याला रक्त पुरवतात. मोठ्या धमनीतला दाब या बारीक धमन्यांवर थेट येतो. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की त्यांच्या भिंती आतून झिजतात आणि एक दिवस त्यातली एखादी फुटते. तुमच्या सासऱ्यांचं रक्त जिथे साचलं त्या भागाला पुटामेन म्हणतात. त्याला अगदी खेटून, मेंदूच्या पृष्ठभागाकडून हातापायांकडे हुकूम नेणाऱ्या तंतूंची जाड पट्टी खाली उतरते. फुटलेलं रक्त वाट काढत जातं ते या तंतूंमधून. तुटलेला तंतू जगातला कुठलाही सर्जन जोडू शकत नाही. जो तंतू तुटलेला नाही, नुसता दाबला गेलाय, त्याला मात्र आशा असते. ऑपरेशनचा पसारा मांडायचा तो या दाबल्या गेलेल्या भागासाठी आणि जिवासाठी.

कारण रक्त फुटलं आणि संपलं, असं होत नाही. बऱ्याच रुग्णांमध्ये पहिल्या काही तासांत गाठ वाढत जाते. कवटी बंद पेटी आहे, तिला फुगता येत नाही. आत रक्ताला जागा हवी म्हटल्यावर आधी मेंदूभोवतीचं पाणी बाजूला सरतं, मग शिरांमधलं रक्त, आणि तेही संपलं की मेंदू स्वतः सरकायला लागतो. तो श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठावर दाबला गेला की बाहुली मोठी होते, श्वास बिघडतो, आणि मग वेळ मिनिटांत मोजायची असते. यातूनही माणूस सावरला तर साचलेलं रक्त पुढच्या दिवसांत विरघळू लागतं. त्यातून सुटणारी द्रव्यं, विशेषतः लोह, आसपासच्या चांगल्या पेशींना बाधतात. सूज पहिल्या दिवसापासूनच चढत जाते आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्रास देऊ शकते. म्हणूनच पहिल्या दिवशी बरा वाटलेला रुग्ण चौथ्या दिवशी ग्लानीत जातो आणि नातेवाईकांना वाटतं इस्पितळात काहीतरी चुकलं.

आता तुमच्या दोन रुग्णांमधला फरक. गाठ किती मोठी आहे हे आम्ही सीटीवर अगदी साध्या हिशेबाने काढतो. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि निम्मं करायचं. तुमच्या मामांच्या रिपोर्टवर ३, २.५ आणि ३ असे आकडे आहेत, म्हणजे साधारण ११ मिलिलिटर रक्त. सासऱ्यांचे आकडे ५, ४ आणि ४.५, म्हणजे ४५ मिलिलिटर. मामांची गाठ थॅलॅमसमध्ये होती, आणखी आत, आणि ते पूर्ण शुद्धीत होते. सासरे हाक मारली तर डोळे उघडत होते आणि पुन्हा झोपेत जात होते. शुद्ध मोजायची आमची मोजपट्टी ३ ते १५ गुणांची असते. मामांच्या कागदावर १५ लिहिलंय, सासऱ्यांच्या कागदावर आणताना १२ आणि दोन तासांनी १०. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. शुद्ध उतरत चालली होती.

११ मिलिलिटरसाठी थॅलॅमसपर्यंत नळी घालायची म्हणजे वाटेतला चांगला मेंदू ओलांडायचा. एवढं रक्त शरीर काही आठवड्यांत स्वतः जिरवून टाकतं. बीपी आटोक्यात ठेवणं, ताप येऊ न देणं, साखर सांभाळणं, ठसका लागणार नाही असं खाऊ घालणं, व्यायाम, हेच मामांवरचे उपचार होते, आणि त्याला ‘काही केलं नाही’ म्हणणं चूक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातलीही इस्पितळं होती, सात हजारांहून जास्त रुग्णांवर हेच तपासलं गेलं. उपचार सुरू झाल्यापासून तासाभरात वरचं बीपी १४० च्या खाली आणायचं, साखर आणि ताप आवरायचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवायचा. या साध्या गोष्टी एकत्र आणि वेळेत केल्याने रुग्णांची अवस्था सुधारली. चाकू न लावता.

ढोबळ नियम असा की वरच्या मेंदूत ३० मिलिलिटरच्या पुढे रक्त गेलं आणि शुद्ध उतरू लागली की ऑपरेशनचा गंभीर विचार करायचा. लहान मेंदूला, म्हणजे डोक्याच्या मागच्या खालच्या भागाला, हा नियम लागत नाही. तिथे जागाच इतकी कमी की १५ मिलिलिटर रक्तही देठावर दाब आणतं, आणि तिथलं ऑपरेशन आम्ही फार विचार न करता तातडीने करतो. उलट, रक्त खुद्द मेंदूच्या देठातच फुटलं असेल तर बहुतेक वेळा आमच्या हातात काढण्यासारखं काही नसतं.

तुम्ही ‘छोट्या छिद्राचं ऑपरेशन हे सिद्ध झालेलं आहे का’ असं सरळ विचारलंय, तर सरळच सांगतो. पूर्वी आम्ही कवटीचा मोठा तुकडा काढून, मेंदू बाजूला सारून गाठीपर्यंत जायचो. २००५ साली १०३३ रुग्णांवरचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यात लवकर ऑपरेशन केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले यांच्या अंतिम अवस्थेत फरकच दिसला नाही. आम्हा सर्जनांना तो मोठा धक्का होता. त्यातून एक शंका पक्की झाली: गाठ काढल्याने होणारा फायदा, गाठीपर्यंत जाताना होणाऱ्या इजेत वाहून जात असावा. मग इजा कमी करून पाहू, या दिशेने सगळे वळले.

खरं तर दुर्बिणीची वाट त्याच्याही आधी कुणीतरी चालून पाहिली होती. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या ल्युडविग आउअर यांनी १९८९ मध्ये १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७० टक्के दगावले होते, दुर्बिणीने गाठ काढलेल्यांपैकी ४२ टक्के. पण त्यातही एक बारकावा होता. फायदा मुख्यतः मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या गाठींमध्ये दिसला, पुटामेन आणि थॅलॅमसमधल्या खोल गाठींमध्ये नाही. २०१९ मध्ये आणखी एक पद्धत तपासली गेली: गाठीत बारीक नळी ठेवायची, गुठळी विरघळवणारं औषध थेंबाथेंबाने सोडायचं आणि रक्त वाहू द्यायचं. एकूण रुग्णांमध्ये हात-पाय-बोलणं यांत फरक पडला नाही. मात्र ज्यांच्यात मागे राहिलेलं रक्त १५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी होतं, ते अधिक चांगले होते. नळी घातली का यापेक्षा आत किती उरलं याला महत्त्व आहे, हे तिथून ठसलं.

आणि मग २०२४ मध्ये अमेरिकेतला ३०० रुग्णांचा अभ्यास आला. ३० ते ८० मिलिलिटर रक्त, २४ तासांच्या आत, मेंदूच्या घड्यांमधून आणि तंतूंना समांतर अशी अरुंद नळी घालून ऑपरेशन. एका महिन्यात ऑपरेशन झालेल्यांपैकी ९.३ टक्के दगावले, औषधांवर ठेवलेल्यांपैकी १८ टक्के, आणि सहा महिन्यांनंतरची अवस्थाही ऑपरेशनवाल्यांची सरस निघाली. रक्त काढल्याने माणूस नुसता जगत नाही, अधिक चांगला जगतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास. पण इथेही ३५ वर्षांपूर्वीचाच बारकावा परत आला. फायदा पृष्ठभागाजवळच्या गाठींमध्ये होता. खोल गाठींचे रुग्ण घेणं मधेच थांबवावं लागलं, कारण त्यांच्यात तो दिसेना. शिवाय त्यांची नळी जरा रुंद आणि भिंग बाहेर असलेलं, आपल्याकडच्या बारीक दुर्बिणीपेक्षा वेगळं तंत्र. तत्त्व एक, हत्यार वेगळं.

म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारख्या खोल गाठीत ऑपरेशनने हात परत येईल, असं वचन देणारा पुरावा आज कुणाकडे नाही. मी नातेवाईकांना हेच सांगतो: खोल आणि मोठी गाठ असेल आणि शुद्ध उतरत असेल तर मी जिवासाठी ऑपरेशन करतोय. हात आणि वाचा यांचं पुढे बघू. ऑपरेशनच्या आधी हे वाक्य स्पष्ट बोललं गेलं तर नंतर घरात तुमच्यासारखे वाद होत नाहीत.

आता प्रत्यक्ष काय करतात. रुग्णाला पूर्ण भूल देतात. सीटीची चित्रं संगणकात भरून डोक्यावर नेमकी जागा ठरवतात, याला नॅव्हिगेशन म्हणतात. पुटामेनमधली गाठ बहुतेक वेळा पुढून मागे लांबट असते, त्यामुळे कपाळाच्या वरून, केसांच्या रेषेजवळून शिरलं की गाठीच्या लांबीच्या अक्षावरून जाता येतं. कानाच्या वरून गेलं तर अंतर कमी पडतं, पण वाटेत वाचेचा भाग आणि नाजूक रक्तवाहिन्या लागतात. डाव्या बाजूच्या रुग्णात मी कपाळाची लांबची वाटच पत्करतो. तुमच्या सासऱ्यांच्या कपाळावर केसांत जो तीन-चार सेंटिमीटरचा व्रण आहे तो याच वाटेचा.

हाडाला दीड-दोन सेंटिमीटरचं छिद्र पाडायचं, मेंदूचं आवरण उघडायचं, पृष्ठभागावरची रक्तवाहिनी टाळून सूतभर जागा करायची आणि बोथट टोकाची पारदर्शक नळी हळूहळू गाठीत सरकवायची. ती मेंदू कापत नाही, तंतू बाजूला सारत जाते. पारदर्शक असल्याने चारी बाजूंना पांढरा मेंदू आहे की काळपट रक्त, हे सतत दिसत राहतं. हे तंत्र जपानी सर्जनांनी फार मेहनतीने घडवलं. नळीतून चार मिलिमीटरहून जाड नसलेली दुर्बीण आणि शेजारून सक्शन. पडद्यावर सगळं मोठं दिसतं.

गाठ म्हणजे नुसतं पातळ रक्त नसतं. दह्यात घट्ट कवडी आणि सुटलेलं पाणी असावं तसं ते असतं, कुठे वाहतं, कुठे घट्ट. आधी नळी गाठीच्या दूरच्या टोकापर्यंत नेतात आणि मागे येत येत रक्त ओढतात. दाब कमी झाला की आजूबाजूचा मेंदू स्वतःच उरलेली गाठ नळीच्या तोंडाशी ढकलतो. इथे घाई करणारा फसतो. भिंतीला चिकटलेली घट्ट गुठळी ओढून काढायचा मोह होतो, आणि ती सुटताना नेमकी तीच फुटलेली धमनी पुन्हा उघडते. म्हणून पातळ थर मागे सोडतात. सगळं साफ करणं हे उद्दिष्ट नसतंच. १५ मिलिलिटरच्या आत आणायचं, जमलं तर आणखी कमी, आणि मेंदू सैल पडलेला दिसला की थांबायचं. सासऱ्यांच्या नंतरच्या सीटीत जे सहा-सात मिलिलिटर रक्त ‘राहिलं’ म्हणून तुम्ही काळजीत आहात, ते राहून गेलेलं नाही, तेवढं राहणं अपेक्षितच असतं.

मधे रक्त सुरू झालं तर? बहुतेक वेळा कोमट सलाइनने धुवत राहिलं आणि संयम ठेवला की ते थांबतं. धुतल्यावरही एखाद्या बिंदूतून येत राहिलं तर दुर्बिणीत तो बिंदू दिसतो आणि विजेच्या बारीक टोकाने बंद करता येतो. आंधळेपणाने नळी घालून रक्त ओढण्यात आणि दुर्बिणीत मला मोठा फरक वाटतो तो हाच: बघून थांबवता येतं. तरीही क्वचित थांबत नाही, आणि मग कवटी मोठी उघडावी लागते. संमतीपत्रात ही शक्यता लिहिलेली असते ती याचसाठी. छोटं छिद्र म्हणजे छोटं ऑपरेशन, असा समज करून घेऊ नका. बाहेरून व्रण लहान दिसतो, आतली जोखीम पूर्ण असते: पुन्हा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फिट येणं, न्यूमोनिया.

काही वेळा रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये शिरतं आणि पाण्याची वाट तुंबते. तेव्हा दुर्बीण त्या पोकळीत घालून रक्त धुतात किंवा नुसती नळी ठेवून पाणी बाहेरच्या पिशवीत काढतात. आयसीयूमध्ये डोक्यातून निघालेली नळी पाहून घरचे घाबरतात. ती काही दिवसांपुरती असते.

दुर्बीण कुणाला नको, हेही सांगायला हवं. ज्याचं वय कमी आहे, बीपी कधीच नव्हतं, किंवा गाठ नेहमीच्या जागी नाही, त्याच्या मेंदूत धमनीला आलेला फुगा किंवा धमन्या-शिरांचा गुंता असू शकतो. त्यात अरुंद नळीतून रक्त ओढायला जाणं धोक्याचं. म्हणून अशा रुग्णात आधी धमन्यांचा सीटी अँजिओ हवाच. दोन्ही बाहुल्या मोठ्या होऊन तासन्‌तास प्रतिसाद देत नसतील, तर ऑपरेशन माणूस परत आणत नाही, आणि तिथे नाही म्हणणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. वारफारिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम आधी उलटवावा लागतो. आणि अगदी पहिल्या तीन-चार तासांत, गाठ अजून वाढत असताना, घुसण्यात पुन्हा रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. पण हेही खरं की शुद्ध झपाट्याने उतरत असेल तर घड्याळ बघत बसता येत नाही.

गोव्यापुरतं बोलायचं तर अंतरं फार नाहीत, वेळ जातो तो निर्णयात. सत्तरीच्या आतल्या गावातून किंवा सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत, येणारा रुग्ण प्रवासापेक्षा जास्त वेळ घरात गमावतो. कुणी तळपाय चोळतं, कुणी लकव्याच्या औषधासाठी माणूस पाठवतं, कुणी म्हणतं सकाळ होऊ दे. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखून उलटी झाली, तर १०८ ला फोन. त्याला एका कुशीवर झोपवा. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. बीपीची कॅप्सूल जिभेखाली फोडू नका आणि ‘अटॅकवर चालते’ म्हणून ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नका. रक्त फुटलंय की रक्तवाहिनी तुंबलीय, हे बाहेरून कुणालाही कळत नाही, मलाही नाही. ते सीटीतच कळतं, आणि दोहोंचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आरोग्य योजनेचं कार्ड हाताशी असेल तर घ्या, शोधत बसू नका. जिथे सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथे थेट पोचणं उत्तम. गोमेकॉत ही सोय आहे. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून पुढे पाठवायची वेळ आली तर स्कॅनची चित्रं मोबाइलवर पुढच्या डॉक्टरांपर्यंत आधी पोचवायला सांगा, म्हणजे रुग्ण पोचेपर्यंत निर्णय झालेला असतो.

सासऱ्यांच्या पुढच्या सुधारणेबद्दल. दीड महिना म्हणजे अजून सुरुवात आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि त्यानंतरही ती पूर्ण थांबत नाही. साधारणपणे आधी पाय येतो, मग खांदा, मग कोपर, आणि बोटं सगळ्यात शेवटी. काहींची बोटं येत नाहीत. तो हात लोंबकळत ठेवू नका, खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे माणूस व्यायामच सोडतो. काखेखाली धरून उचलणं टाळा. कडक झालेल्या मुठीत दिवसातून तीन-चार वेळा बोटं हळू उघडून द्या.

वाचेसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्या घरांत माणूस कोंकणीत भांडतो, मराठीत वाचतो आणि पूजेला मराठी आरती म्हणतो. वाचेचे व्यायाम त्याच भाषेतून करा ज्या भाषेत ते स्वयंपाकघरात बोलत होते. नातवंडांच्या शाळेतली इंग्रजी चित्रांची पुस्तकं पुढे ठेवून ‘ॲपल म्हणा’ असं करू नका. आणि त्यांना भजनाची आवड होती असं तुम्ही लिहिलंय, तर रोज त्यांच्या ओळखीचा अभंग सोबत म्हणा. बोलता न येणारे अनेक रुग्ण गाण्याचे शब्द मात्र म्हणू शकतात, कारण पाठ असलेलं आणि चालीत बसलेलं मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो. त्यातून बोलणं हळूहळू सुटायला मदत होते. ते गातात म्हणजे बोलायचा आळस करतात, असं कुणी घरात म्हणू नये. ते चिडतात, रडतात, तेही आजाराचाच भाग आहे. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

यजमानांचं वरचं बीपी १६० असेल आणि ‘मला काही त्रास नाही’ म्हणून ते गोळी घेत नसतील, तर सासऱ्यांनाही पहाटेच्या आदल्या रात्रीपर्यंत काही त्रास नव्हता, हे त्यांना सांगा. हातावर बांधायचं यंत्र घरी घ्या, मनगटाचं नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजा, वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू झाली की चवथीच्या गडबडीत चार दिवस सुटली, मग बरं वाटतंय म्हणून बंदच केली, हे आपल्याकडे फार होतं. पुरुमेंतातली, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीतली, सुकी मासळी, खारं, लोणचं, पापड यांत मीठ किती जातं ते एकदा हिशेबाने बघा. सोडा असं म्हणत नाही, पावसाळ्यात ते रोजच्या ताटातून आठवड्याच्या ताटात न्या. दारू आणि तंबाखू मात्र बंदच. सासऱ्यांचं बीपी १३०/८० च्या खाली राहायला हवं. एकदा रक्त फुटलेल्या माणसात पुन्हा फुटू नये म्हणून आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

राहिली ॲस्पिरिन. ती त्यांना मुळात का दिली होती, ते आधी शोधा. हृदयात स्टेंट असेल, अटॅक येऊन गेला असेल, तर ती पुन्हा सुरू करायची वेळ येऊ शकते. ब्रिटनमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या ५३७ रुग्णांवर हे तपासलं गेलं, आणि २०१९ मध्ये आलेल्या निकालात, अशी औषधं पुन्हा सुरू केल्याने रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. पण ‘वय झालंय, रक्त पातळ राहिलेलं बरं’ एवढ्याच कारणाने ती चालू असेल, तर माझ्या मते ती परत नको. कुठल्याही परिस्थितीत औषधाच्या दुकानातून आणून आपणहून सुरू करू नका. पुढच्या तपासणीला जाताना हृदयाचे जुने कागद, बीपीची वही आणि ऑपरेशननंतरचा सीटी असं तिन्ही न्या, आणि न्यूरोसर्जन व हृदयाचे डॉक्टर या दोघांकडून निर्णय एकाच कागदावर लिहून घ्या.